पहिल्या सालचा बिबा

मी हातात घेतलेलं काहीच शेवटाला नेत नाही, याबद्दल आमच्या घरात कधी दुमत नव्हतं. बाकी सगळ्यावरून भांडणं व्हायची, यावरून नाही. मी शिवायला घेतलेली गोधडी अर्ध्यावर थांबली होती, आणि ती अर्धी गोधडी ओसरीच्या पायरीवर पाय पुसायला पडलेली असे. येणाऱ्या पाहुण्याने पाय पुसले की बाबा सांगत, "आमच्या इमलची गोधडी हाय." माझं नाव विमल, पण आमच्याकडे 'वि'चा उच्चार करायला कुणाला सवड नव्हती. सोळा सोमवार धरले होते, ते तिसऱ्या सोमवारी मंगरूळच्या बाजारात गरम आलूबोंड्यापाशी संपले. कापूस वेचायला गेले तर दुपारच्या भाकरीबरोबर माझी वेचणीही आटोपायची. आता शिक्षिका म्हणून सत्काराला उभं केलं की लोक मला चिकाटीची मूर्ती म्हणतात. परवाच एका शाळेत एका तरुण शिक्षकाने माझ्यावर तासभर भाषण केलं, आणि तेवढा वेळ मी मान खाली घालून बसले होते. लोकांना तो विनय वाटला. मला त्या वेळी पायरीवरची गोधडी दिसत होती.

आमचं गाव आसेगावपासून कोसभर आत. घर साधंच, पुढे ओसरी, मागे अंगण, अंगणात कडुनिंब. त्या निंबाखाली माझी गिरजाआत्या बिबे फोडत बसायची. माझ्या लहानपणाचा आवाज कुणी विचारला तर मी तोच सांगेन. सकाळी चुलीवर भाकरी थापण्याचा आवाज थांबला की निंबाखालचा सुरू व्हायचा. टक्, टक्, मग एक बारीक फुटल्याचा आवाज, मग गोडंबी सुपात पडल्याचा. बिबा पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. जंगलातलं काळं, बदामाच्या मापाचं, चपटं बी. मानोऱ्याकडच्या रानातून पोती यायची. दगडावर धरून वरून मोगरी मारायची, की टरफल फुटून आतली पांढरी गोडंबी निघते. ती खायला इतकी गोड की आमच्याकडे तिची भाजी करतात, बाळंतिणीच्या लाडवात घालतात. पण टरफलात काळं तेल असतं, आणि ते अंगाला लागलं तर कातडी जाळतं. आत्याचे हात कोपरापर्यंत काळपट, बोटांची टोकं तर वहाणेच्या कातड्यासारखी. शेवटच्या काळात रेशनच्या दुकानातलं मशीन तिचा अंगठा घेईना. दुकानदार म्हणाला, आजी, ठसाच उमटत नाही. आत्या म्हणाली, "मशीनले तेल लाव बापा."

दहावी झाली आणि वाशिमच्या अध्यापक विद्यालयात माझा नंबर लागला. गावातून वाशिमला राहून शिकायला गेलेली मुलगी तोवर झाली नव्हती. मायची ना नव्हती. पण मायच्या हो-नाला आमच्याकडे चहातल्या आल्याइतकीच किंमत होती, असलं तर बरं. निकाल द्यायचा तो बाबांनी. बाबा वाईट नव्हते. मुलीच्या जातीला शिक्षण कशाला, असलं ते कधी बोलले नाहीत. त्यांची हरकत अगदी वेगळी होती आणि, मला कबूल करायला हवं, पुराव्यानिशी होती.

"शिकाले माही ना नाही," ते म्हणाले. "पण हे पोरगी आठ दिवसांत पेटी घेऊन वापस येईन. मंग गावात मले तोंड दाखवाले जागा राह्यणार नाही. तिच्यामागून दुसऱ्याची पोरगी जायाची असन, तिचंबी जाणं बंद होईन."

मी तावातावाने म्हणाले, "नाही येणार वापस."

बाबांनी नुसतं पायरीवरच्या गोधडीकडे पाहिलं.

मग त्यांनी अट घातली. बाईसंगं, म्हणजे आत्यासंगं, एक महिना बिबे फोडायचे. एक दिवसाचाही खाडा पाडायचा नाही. "टिकली तं म्या सोता गाडीत बसवून देतो. नाही टिकली तं वाशिमचं नाव घ्यायचं नाही." आत्या तेव्हा तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही. मी तिथल्या तिथे हो म्हणाले. हो म्हणण्यात मी कधीच कमी पडले नाही.

पहिल्या दिवशी आत्याने मला सगळी रीत दाखवली. आधी तिळाच्या तेलाची वाटी घ्यायची, हाताला कोपरापर्यंत चोपडायची, नखांच्या कडांत जिरवायची. वरून चुलीतली चाळलेली राख लावायची. डाव्या हाताच्या बोटांना चिंधी गुंडाळायची. मांडीवर जुन्या लुगड्याचा तुकडा. वारं पाठीकडून येईल असं बसायचं. घाम आला तर खांद्याने पुसायचा, हात तोंडाकडे न्यायचा नाही. उठताना आधी राखेने हात घासायचे, मग पुन्हा तेल, मग पाणी. एवढं सांगून ती आपल्या कामाला लागली.

आता माझी अक्कल पाहा. मला ते सगळं फार मऊपणाचं वाटलं. मी इथे सोसायला आले होते. एका पायावर उभं राहून तप करणाऱ्या ऋषींची चित्रं मी शाळेच्या पुस्तकात पाहिली होती, आणि त्यातल्या एकाच्याही शेजारी तेलाची वाटी नव्हती. तेल लावून सोसलं तर त्यात सोसणं ते काय राहिलं? म्हणून आत्या पोतं ओढायला वळली की मी हाताचं तेल परकराला पुसून टाकायची. राख झटकायची. चिंधी सोडून मांडीखाली दडवायची. रोज, न चुकता. माझ्या आयुष्यातलं न चुकता केलेलं पहिलं काम ते.

आणि बिबा हा असा कावेबाज की लगेच काही बोलत नाही. पहिला दिवस गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. मी विहिरीवर बायकांना हात दाखवत फिरले. "मले तं काहीच होत नाही," मी म्हणायची. "माही कातडीच तशी हाय." घरी जेवताना मी बाबांच्या समोर मुद्दाम हात लांब करून भाकरी घ्यायची. ते हात पाहायचे आणि काही बोलायचे नाहीत. त्यांच्या गप्प बसण्यात मला माझा विजय दिसत होता. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तर मी माझी पेटी झाडून पुसून ठेवली आणि तिच्यावर माझं नाव कोणत्या रंगात लिहायचं याचा विचार करत बसले.

चौथ्या दिवशी खाज सुटली. पाचव्या दिवशी सकाळी डोळे उघडायला गेले तर एकच उघडला. ओठ पुढे आले होते, कान जाड झाले होते, तोंड भोपळ्याएवढं. हातांवर फोड. आणि ज्या परकराला मी चार दिवस ते काळ्या तेलाचे हात पुसले होते तो परकर मी चार दिवस नेसलेही होते, तेव्हा फोड कुठे कुठे आले ते वाचकांनी समजून घ्यावं. एवढंच सांगते की बसणं बंद झालं.

माय मला पाहून किंचाळली. तिने देवी आल्या असं समजून दाराला निंबाचे डहाळे बांधले. शेजारच्या कांताकाकू ताटलीत दहीभात घेऊन आल्या, पालथ्या पडलेल्या माझ्यापुढे ती ठेवली आणि हात जोडून म्हणाल्या, "माय, शांत हो." मला आयुष्यात कुणी हात जोडण्याची ती पहिलीच वेळ. मी एका डोळ्याने दहीभाताकडे पाहिलं. भूक लागली होती, पण देवीने लगेच खायला सुरुवात करावी की थोडं थांबावं हे मला ठरवता येईना. तेवढ्यात आत्या आली. तिने माझं तोंड उजेडाकडे फिरवलं, हात उलटा करून पाहिला आणि म्हणाली, "कोनती देवी न् काय. बिबा उतला हिले." बिब्याचं तेल अंगावर फोड होऊन फुटलं की आमच्याकडे बिबा उतला म्हणतात. कांताकाकूंनी दहीभात उचलून परत नेला. ते मी त्यांना अजून माफ केलेलं नाही.

आठवडाभर मी पालथी पडून होते. माय पाट्यावर तीळ आणि खोबरं वाटायची आणि आत्या ते माझ्या अंगाला थापायची. तोंड पांढरं, त्यात एक डोळा. गल्लीतली पोरं दारातून बघून जायची आणि दुसऱ्या पोरांना घेऊन यायची. बाबा पहिल्या दिवशी दारात उभे राहिले. मला वाटलं आता ते गोधडीचं नाव काढतील. त्यांनी काढलं नाही. ते खाली बसले आणि आपल्या दुपट्ट्याने मला वारा घालायला लागले. त्या दिवशी शेतात वखर चालू होतं, ते सोडून ते दुपारभर वारा घालत बसले. मध्येच म्हणाले, "जाऊ दे, इमले. सगळ्यांनाच जमते असं नाही." त्यांना समजूत घालायची होती. मला मात्र फोडांपेक्षा ते जास्त झोंबलं. वाशिम गेलं हे मला तेव्हा कळलं, आणि मी तोंड उशीत खुपसून रडले. खोबऱ्याचा लेप सगळा उशीला लागला, त्याबद्दल मायची बोलणी वेगळी खाल्ली.

परकर धुवायला नेताना आत्याला त्यावरचे डाग दिसले असावेत. ती परकर घेऊनच माझ्याजवळ आली.

"तेल पुसलं व्हय त्वा?"

मी मान हलवली.

"काहून?"

"मले सोसून दाखवायचं होतं."

"कोनाले?"

आत्या खाली बसली. ती कधी फार बोलत नसे, आणि बोलली तरी हाताला काम असल्याशिवाय नाही. म्हणून तिने वाटीतलं तेल घेऊन माझ्या पाठीला चोळायला सुरुवात केली आणि मग बोलली. मी पालथी होते, मला तिचं तोंड दिसत नव्हतं. तिने तेवढ्यासाठीच ती वेळ निवडली असेल.

"मी बी पह्यल्या साली तेल लावलं नव्हतं," ती म्हणाली. "माणूस गेला अन् मी इथी वापस आली. वीस वर्साची होती. लोकं म्हनत, पोरीनं मन घट करून कामाले हात घातला. कायचं घट? मले वाटे, जळू दे हात. जळू दे सगळं. पंधरा दिवस पडून होती तुह्यासारखी. उठली अन् पुन्हा बिनतेलाची बसली."

"मंग?"

"मंग काय? माय काही बोले नाही." माय म्हणजे माझी आजी, मी तिला पाहिलेलं नाही. "रोज तांबडं फुटाच्या आंधी येये, माहे हात आपल्या मांडीवर घेये अन् तेल चोळे. मी हात वढून घेतला तं पुन्हा धरे. किती रोज चोळलं कोन जाने. एक दिवस तिले ताप आला, उठली नाही. तवा मी आपल्या हातानं वाटी घेतली." ती थोडा वेळ चोळत राहिली. "जळाले काय लागते, इमले? वाळलं लाकूडबी जळते. रोज तेल लावून बसनं, त्याले सोसनं म्हनतात."

मी रोज ज्या टक् टक् आवाजात जागी होत होते, तो वीस वर्षं कसा चालला होता हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. आणि त्याची लाज वाटली; त्या हातांच्या पुढे मी विहिरीवर माझे हात मिरवले होते.

आठवड्याने मी उठले. कुणी बोलावलं नव्हतं. वाशिम तर गेलंच होतं. तरी मी निंबाखाली गेले, वाटी ओढली, कोपरापर्यंत तेल चोपडलं, नखांच्या कडांत जिरवलं, राख लावली, चिंधी गुंडाळली, वाऱ्याकडे पाठ केली. आत्याने पाहिलं आणि पोतं माझ्या बाजूला जरा सरकवलं. त्या दिवसापासून महिना भरेपर्यंत मी रोज बसले. त्या कामात सांगण्यासारखं काही नाही, हेच त्यात विशेष. पाठ दुखायची, घाम डोळ्यांत जायचा, खांद्याने पुसायचा. माझ्या निम्म्या गोडंब्या फुटक्या निघायच्या, आणि फुटक्या गोडंब्यांची भाजी घरात आठवड्यातून तीनदा व्हायला लागली. बाबा जेवताना म्हणायचे, "इमल कामाले लागल्यापासून आपन राजावानी खाऊन राह्यलो."

महिना भरला त्या संध्याकाळी बाबा ओसरीवर बसले. त्यांचा चेहरा पडलेला होता. मला नाही म्हणायचं त्यांच्याच जिवावर आलं होतं. "पोरीनं मेहनत केली," ते आत्याला म्हणाले. "पण बाई, सात दिवसांचा खाडा पडला. बोललो ते बोललो."

आत्या हात धूत होती. "कोनता खाडा?"

"पडून नव्हती का?"

"तो खाडा नसते, किसना," आत्या म्हणाली. "पह्यल्या साली सगळ्यांचंच उतते. बिबा उतलेले दिवस कामात धरतात. माहे नव्हते का धरले मायनं?"

असा नियम होता की नाही, मला माहीत नाही. बिबे फोडणाऱ्या दुसऱ्या कुणा बाईला तो विचारायचा धीर मला आजवर झालेला नाही. बाबा बराच वेळ बहिणीच्या हातांकडे पाहत राहिले. मग उठले, आत गेले आणि माझी पेटी बाहेर घेऊन आले. "रंग कोनता पाह्यजे?" त्यांनी मला विचारलं.

ही गोष्ट इथे संपली असती तर चिकाटीच्या भाषणात घालायला फार चांगली झाली असती. पण मी ती आहे तशी लिहायला बसले आहे, तेव्हा पुढचंही सांगते. बाबांनी खरोखर मला स्वतः गाडीत बसवून दिलं. आणि वाशिमहून मी पेटी घेऊन परत आले. आठ दिवसांत नाही, नवव्या दिवशी. बाबांच्या अंदाजावर मी एका दिवसाने मात केली. झालं होतं एवढंच, की वर्गापुढे उभं राहून पाठ घ्यायचा होता, मी फळ्यावर गाय काढली आणि मुलींनी तिला डुक्कर म्हटलं. सगळा वर्ग हसला. माझा आवाज जो गेला तो आलाच नाही. रात्री होस्टेलचं पाण्यासारखं वरण समोर आलं आणि मला घर आठवलं. सकाळच्या पहिल्या गाडीने मी निघाले.

गावाच्या फाट्यावरून पेटी डोक्यावर घेऊन, शक्य तितक्या कमी लोकांच्या नजरेला पडत, मी मागच्या अंगणाने घरात शिरायला गेले. निंबाखाली टक् टक् चालू होतं. आत्याने मला पाहिलं, पेटी पाहिली. का आलीस, विचारलं नाही. तिने तेलाची वाटी माझ्याकडे सरकवली. "हात चोपड," म्हणाली. मी पेटी तिथेच ठेवली, हात चोपडले आणि बसले. दिवसभर आम्ही बिबे फोडले. मधे माय येऊन भाकरी देऊन गेली आणि पदराने डोळे पुसत आत गेली.

दिवस कलताना बाबा शेतातून आले. मला पाहून जागच्या जागी थांबले. मी हात राखेत घासत राहिले. वर पाहायचा धीर नव्हता. त्यांनी पेटी उचलली, पुढे नेली, आणि मला ओसरीवर ती टेकल्याचा आवाज आला. त्यांनी ती घरात नेली नव्हती. बाहेरच, पायरीजवळ, माझ्या गोधडीशेजारी ठेवली होती.

"सकायची गाडी कितीले हाय रे?" आत्याने निंबाखालूनच विचारलं.

"सातले," बाबा म्हणाले.

मी कसंबसं म्हणाले, "बाबा, मी पळून आली. माह्यानं झालं नाही."

बाबा परत अंगणात आले. त्यांना रागावता आलं असतं. गाव काय म्हणेल याचीही आठवण करून देता आली असती. त्यांनी तेलाची वाटी उचलून भिंतीच्या कोनाड्यात नीट ठेवली, सांडू नये म्हणून.

"पह्यल्या साली सगळ्यांचंच उतते," ते म्हणाले. "जेवून घे. लवकर उठा लागन."

दोन वर्षांत मी आणखी तीनदा अशी परत आले. हे कुठल्याही सत्कारात कुणी सांगितलेलं नाही, कारण कुणाला माहीतच नाही. दर वेळी वाटी पुढे सरकली, दर वेळी पेटी ओसरीवर राहिली, आणि दर वेळी सकाळी सातच्या गाडीपर्यंत बाबा ती डोक्यावरून घेऊन आले. ती उंबऱ्याच्या आत गेली ती मी शेवटची परीक्षा देऊन आले त्या दिवशी. बाबा उचलायला वाकले होते, पण आत्या म्हणाली, "ठेव, मी नेतो," आणि तिने आपले ते काळे हात लुगड्याला पुसले.